अँपिअर-तास म्हणजे अर्धा हिशेब : बॅटरीतली वीज मोजायला माणूस कसा शिकला



फवारणीचे दिवस जवळ आले की दुकानात चार्जिंग पंपाबद्दल एकच आकडा ऐकू येतो. "ही आठची आहे, ही बाराची आहे, आणि ही घ्या चोवीसची, दिवसभर उतरायची नाही." आठ कसले आणि चोवीस कसले, हे घेणारा विचारत नाही आणि विकणारा सांगत नाही. बॅटरीच्या अंगावर छापलेला हा आकडा असतो अँपिअर-तासाचा. वीज मोजायचा तो अर्धाच हिशेब आहे. पहिली बॅटरी निघाली १८०० साली आणि हिशेबाचा उरलेला अर्धा भाग जगानं पक्का केला १८८९ साली. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षं लागली.

मी दहावी पास माणूस. व्होल्ट आणि अँपिअर शाळेत पाठ केले होते, पण ते कुणी आणि कशापायी शोधले हे पुढं वाचत गेलो तेव्हा कळलं. त्यात एक गोष्ट ध्यानात आली. हा हिशेब नुसत्या हौसेनं पुढं सरकलेला नाही. बहुतेक पायऱ्यांवर कुणीतरी खिशात हात घालून उभा होता आणि विचारत होता, "एवढ्या पैशात मला काम किती मिळणार?" पंप घेताना आपल्यालाही तेच विचारायचं असतं. म्हणून आज ही कहाणी जरा सविस्तर लिहितो. शेवटी आपल्या पाठीवरच्या पंपाचा हिशेबही करून दाखवतो.

पहिली बॅटरी

इटलीतल्या बोलोन्या गावी गॅल्व्हानी नावाचा वैद्यकीचा प्राध्यापक होता. मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन वेगळ्या धातूंचा स्पर्श झाला की पाय झटका देतो, हे त्यानं पाहिलं आणि १७९१ मध्ये छापलं. त्याचं म्हणणं, वीज बेडकाच्या अंगात आहे. पावियाच्या व्होल्टाला ते पटलं नाही. तो म्हणाला, वीज त्या दोन धातूंमुळं तयार होते, बेडूक नुसता ओला दुवा आहे. मग त्यानं बेडूक बाजूला ठेवला. जस्ताची चकती, तिच्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, त्याच्यावर चांदीची किंवा तांब्याची चकती, अशा जोड्या एकावर एक रचून उतरंड केली. २० मार्च १८०० रोजी त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीचा अध्यक्ष जोसेफ बँक्स याला पत्र लिहून ही रचना कळवली.

त्याआधीची वीज घासून तयार करायची. ठिणगी पडली की संपली. व्होल्टाच्या उतरंडीतून मात्र वीज वाहत राहिली. विहिरीतून एकदा बादली शेंदणं आणि पाटाला पाणी सोडणं, एवढा फरक होता.

पण पाटाला किती पाणी चाललंय हे मोजायला काहीच नव्हतं. १८२० मध्ये अँपिअरनं विजेचा प्रवाह आणि चुंबक यांचं नातं मांडलं. १८२७ मध्ये ओहमनं दाब, प्रवाह आणि तारेचा अडथळा यांचा नियम छापला. १८३३-३४ च्या सुमारास फॅरेडेनं दाखवलं की द्रावणातून जेवढी वीज वाहून गेली तेवढ्याच प्रमाणात धातू एका बाजूला झिजतो आणि दुसऱ्या बाजूला चढतो. दुप्पट वीज, दुप्पट धातू. अँपिअर-तासाचं मूळ इथं आहे. बॅटरीत किती माल आहे त्यावर एकूण किती वीज वाहणार हे ठरतं. पण ती वीज किती काम करणार, हे अजून कुणी विचारलेलं नव्हतं.

दारूभट्टीवाल्याचा पोरगा

ते विचारलं जेम्स जूलनं. मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डमध्ये १८१८ साली जन्मलेला हा माणूस. घरचा धंदा बिअर गाळायचा. त्या काळी अशा कारखान्यात वाफेचं इंजिन असायचं आणि इंजिन म्हणजे रोजचा कोळसा. तरुण जूलच्या डोक्यात आलं, बॅटरीवर चालणारी विजेची मोटर बसवली तर? तेव्हा युरोपभर या मोटरचं मोठं कौतुक चाललं होतं. फुकटात अमाप शक्ती मिळणार असं बोललं जायचं.

जूल कौतुकावर थांबला नाही, हिशेबाला बसला. बॅटरी चालते तेव्हा तिच्यातलं जस्त झिजतं. म्हणजे कोळसा हे जसं वाफेच्या इंजिनाचं जळण, तसं जस्त हे बॅटरीचं जळण. मग एक पौंड जस्त झिजवून किती वजन किती उंच उचललं जातं, हे त्यानं मोजलं. एक पौंड वजन एक फूट उचलायचं काम म्हणजे एक फूट-पौंड. १८४१ च्या सुमारास त्याचं उत्तर आलं. चांगल्यातली चांगली बॅटरी धरली तरी एक पौंड जस्तात सव्वातीन लाखांच्या थोडं वर फूट-पौंड काम. आणि कॉर्नवॉलच्या खाणींवरची वाफेची इंजिनं एक पौंड कोळशात पंधरा लाख फूट-पौंडांच्या आसपास काम द्यायची.

म्हणजे एक पौंड कोळशाच्या कामाला साडेचार पौंड जस्त. त्यात जस्त कोळशापेक्षा कितीतरी महाग. जूलनं त्या मोटरची आशा सोडून दिली.

बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राचा हा असा पहिला चोख हिशेब. याच सुमारास त्यानं आणखी एक नियम शोधला. तार तापते ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. प्रवाह दुप्पट केला तर तारेत जाणारी उष्णता चौपट. आपल्या पंपाची बारीक वायर, सैल झालेली क्लिप, गरम होणारं बटण, सगळ्यांना हाच नियम लागू. हात लावला आणि वायर कोमट लागली तर समजा, नोझलला जायची वीज वाटेतच मुरतेय.

पॅरिसहून ग्लासगोला गेलेली पेटी

जस्त संपलं की बॅटरी टाकून द्यायची, ही अडचण फ्रान्सच्या गॅस्टन प्लांतेनं १८५९ मध्ये सोडवली. शिशाचे पत्रे आणि गंधकाचं आम्ल वापरून त्यानं पुन्हा भरता येणारी बॅटरी केली. ट्रॅक्टरमधली आजची बॅटरी तिचीच वारस. १८८१ मध्ये कामी फोर या दुसऱ्या फ्रेंच माणसानं पत्र्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप दिला आणि बॅटरीची क्षमता खूप वाढवली.

त्याच वर्षी फोरच्या बॅटऱ्यांची एक भरलेली पेटी पॅरिसहून स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला, प्रोफेसर विल्यम थॉमसन याच्याकडं नेली. हाच पुढं लॉर्ड केल्व्हिन झाला. घनफूटभर जागेत जवळजवळ दहा लाख फूट-पौंड शक्ती कोंडून आणली, म्हणून वर्तमानपत्रांत त्या पेटीचा गाजावाजा झाला.

आता ते दहा लाख आपल्या मापात आणू. दहा लाख फूट-पौंड म्हणजे साधारण ३७७ वॅट-तास. आपल्या चार्जिंग पंपात १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासाची बॅटरी असते, ती ९६ वॅट-तासांची. म्हणजे ज्या पेटीनं अख्खं इंग्लंड चकित झालं, तेवढी वीज आज आपल्या चार पंपांच्या बॅटऱ्यांत मावते आणि त्या चारही बाजाराच्या पिशवीत बसतात. जुन्या माणसांच्या कामाला कमी लेखायला हे सांगत नाही. फूट-पौंडाचं माप होतं म्हणूनच १४० वर्षांपूर्वीची पेटी आणि आजची बॅटरी शेजारी ठेवून तोलता आली. नुसता अँपिअर-तासाचा आकडा असता तर तोलता आली नसती.

ती का, हे समजायला पाण्याचा हिशेब बघा.

पाण्याचा हिशेब

एक हजार लिटरची टाकी दहा फुटांवर ठेवली आणि तीच टाकी तीस फुटांवर ठेवली, तर पाणी दोन्हीत तेवढंच. पण खाली पडताना तीस फुटांवरचं पाणी तिप्पट काम करतं. बॅटरीत अँपिअर-तास म्हणजे टाकीतलं पाणी आणि व्होल्ट म्हणजे टाकीची उंची. मोटर घेताना आपण डिस्चार्ज आणि हेड दोन्ही विचारतो. बॅटरी घेताना मात्र हेड विसरतो.

१८८१ मध्ये पॅरिसला विजेच्या जाणकारांची जागतिक परिषद भरली. तिथं व्होल्ट, अँपिअर, ओहम ही नावं सगळ्यांनी मान्य केली. पुढच्या वर्षी विल्यम सीमेन्सनं मांडलं की एक व्होल्टच्या दाबानं एक अँपिअर वाहिला तर त्या कामाच्या वेगाला वॅट म्हणावं. वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॅटचं ते नाव. १८८९ मध्ये पॅरिसलाच भरलेल्या दुसऱ्या परिषदेनं वॅट आणि जूल दोन्ही मान्य केले. हिशेब पुरा झाला :

व्होल्ट गुणिले अँपिअर बरोबर वॅट.
वॅट गुणिले तास बरोबर वॅट-तास.
एक हजार वॅट-तास बरोबर एक युनिट.

बिलावरचा "युनिट" शब्दही जुना आहे. ब्रिटनमध्ये वीज कायद्याखाली बोर्ड ऑफ ट्रेडनं विक्रीसाठी जे माप ठरवलं त्याला बोर्ड ऑफ ट्रेड युनिट म्हणायचे. इंग्रजांबरोबर ते आपल्याकडं आलं. बोर्ड गेलं, ट्रेड गेलं, युनिट राहिलं.

मग बॅटरीवर अर्धाच आकडा का?

याचं उत्तर एडिसनच्या मीटरमध्ये सापडतं. ४ सप्टेंबर १८८२ रोजी त्यानं न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून वीज विकायला सुरुवात केली. आता गिऱ्हाइकाचं बिल कसं करायचं? एडिसननं फॅरेडेचा नियम कामाला लावला. गिऱ्हाइकाकडं काचेच्या बरणीत जस्ताच्या मीठाचं द्रावण आणि त्यात जस्ताच्या दोन पट्ट्या. विजेचा अगदी थोडा ठरावीक हिस्सा या बरणीतून जायचा. एका पट्टीवरचं जस्त झिजायचं आणि दुसरीवर चढायचं. महिन्याला माणूस येऊन पट्ट्या घेऊन जायचा, त्या तराजूत तोलायच्या आणि वजनातल्या फरकावरून बिल काढायचं. थंडीत द्रावण गोठू नये म्हणून मीटरच्या खोक्यात दिव्याची सोय असायची.

हा मीटर मोजायचा अँपिअर-तास, वॅट-तास नव्हे. तरी तिथं ते चालून गेलं, कारण एडिसनच्या तारांत दाब सगळ्यांना सारखा, ११० व्होल्ट. उंची सगळीकडं तीच असेल तर नुसतं पाणी मोजलं तरी हिशेब बरोबर येतो. पण गिऱ्हाइकाला त्या बरणीकडं बघून काहीच कळायचं नाही. तोलणारा सांगेल तेच खरं. पुढं १८८९ मध्ये हंगेरीच्या ओट्टो ब्लाथीनं फिरत्या चकतीचा मीटर केला. व्होल्ट आणि अँपिअर दोन्हींच्या जोरावर चकती फिरते आणि आकडा समोर दिसतो. आपल्या घरांत आत्ताआत्तापर्यंत होता तो काळा चकतीचा मीटर त्याच वंशातला.

विजेच्या कंपन्या वॅट-तासावर गेल्या, बॅटरीवाले मात्र अँपिअर-तासावरच राहिले. त्याला कारण होतं. शिशाच्या बॅटरीचा एक कप्पा भरतो दोन व्होल्टचा. ते रसायनानंच ठरवलेलं आहे, कारखानदाराला बदलता येत नाही. सहा कप्पे जोडले की बारा व्होल्ट. जोवर बाजारात सगळ्याच बॅटऱ्या शिशाच्या आणि बारा व्होल्टच्या होत्या, तोवर ट्रॅक्टरची ८८ अँपिअर-तासाची बॅटरी आणि पंपाची ८ ची यांची तुलना नुसत्या आकड्यावरून होत होती. उंची सारखीच होती ना.

मग आली लिथियमची बॅटरी. १९८० मध्ये ऑक्सफर्डला गुडइनफनं तिच्या एका टोकाचं द्रव्य शोधलं. १९८५ मध्ये जपानच्या योशिनोनं वापरण्याजोगी बॅटरी जुळवली आणि १९९१ मध्ये सोनीनं ती बाजारात आणली. २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल गुडइनफ, योशिनो आणि त्यांच्या आधी १९७० च्या दशकात पाया घालणारा व्हिटिंगहॅम या तिघांना मिळालं. या बॅटरीचा एक सेल साधारण ३.७ व्होल्टचा. लिथियम-लोह-फॉस्फेटचा असेल तर ३.२ व्होल्टचा. म्हणजे उंची सारखी राहिली नाही. अर्धा हिशेब फसवायला लागला तो तेव्हापासून.

"चोवीस हजार" म्हणजे किती?

आमच्या शेतकरी गटाला यंदा दहा चार्जिंग पंप एकदम घ्यायचे आहेत. पैसे गटाच्या बचतीतले आहेत. त्यात निम्म्या बायका आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जणींची ती खुरपणीची मजुरी आहे. एका विक्रेत्यानं लिथियमचा पंप दाखवला, २४,००० एमएएच असं मोठ्या अक्षरात लिहिलेला. एमएएच म्हणजे अँपिअर-तासाचा हजारावा भाग. म्हणजे २४ अँपिअर-तास. शिशाचा ८ चा, हा २४ चा, म्हणून तिप्पट चालणार, असं त्याचं म्हणणं. किंमतही अडीचपटीच्या आसपास.

आम्ही बॅटरीचं झाकण उघडायला लावलं. आत बारा सेल. प्रत्येक सेल २,००० एमएएचचा, ३.७ व्होल्टचा. बाराही सेलांचे एमएएच एकत्र मिळवले की २४,००० होतात, हे खरं. पण पंपाची मोटर बारा व्होल्टची. ३.७ व्होल्टवर ती चालत नाही. म्हणून तीन-तीन सेल एकापुढं एक जोडून ११.१ व्होल्ट केलेले आणि अशा चार ओळी शेजारी शेजारी. अशा जोडणीत बॅटरी होते ११.१ व्होल्ट, ८ अँपिअर-तास.

आता गुणाकार करा. ११.१ गुणिले ८ बरोबर जवळजवळ ८९ वॅट-तास. त्याचा २४ चा आकडा घेतला तरी ३.७ गुणिले २४ बरोबर तेच ८९. आणि शिशाची १२ गुणिले ८ बरोबर ९६. चोवीसची बॅटरी आठच्या बॅटरीपेक्षा कागदावर तरी कमीच निघाली. आकडा खोटा नव्हता, फक्त तो दहा-बारा फुटांऐवजी तीन-चार फुटांवरून मोजलेला होता.

पण थांबा, शिशाची बाजूही पुरती बघितली पाहिजे.

पॉयकर्टचा नियम

१८९७ मध्ये पॉयकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं शिशाच्या बॅटऱ्यांबद्दल एक नियम मांडला. बॅटरीतून वीज जितक्या जोरानं ओढाल तितकी ती एकूण कमी देते. आत भरपूर माल असतो, पण आम्लाला पत्र्यात मुरायला वेळ मिळत नाही. मोटर जोरात चालवली की विहिरीचं पाणी झऱ्यापेक्षा लवकर खाली जातं, आणि तासभर थांबलं की पुन्हा थोडं चढतं. उतरलेल्या पंपाला जेवणाच्या सुट्टीनंतर दोन टाक्या जादा मारता येतात, त्याचं कारण हेच.

लहान शिशाच्या बॅटरीवर जो ८ अँपिअर-तास आकडा असतो तो बहुधा वीस तासांच्या सावकाश वापराचा असतो. म्हणजे ०.४ अँपिअरनं वीस तास. काहींवर बारीक अक्षरात "२० एचआर" लिहिलेलंही असतं. आपला पंप ओढतो अडीच अँपिअर, म्हणजे सहापट जोरानं. तेव्हा नव्या बॅटरीकडूनही आठऐवजी सहा अँपिअर-तासांच्या आसपासच मिळतात. सहा भागिले अडीच बरोबर २.४ तास. शिवाय चालता चालता दाब खाली येतो, सरासरी ११.८ व्होल्ट धरू. वीज मिळाली ६ गुणिले ११.८ बरोबर ७० वॅट-तास.

लिथियमवर या जोराचा परिणाम फार कमी होतो. चांगल्या सेलांची बॅटरी ८९ मधले ८५ वॅट-तास तरी देईल, आणि वेळ तीन तासांच्या थोडी वर.

खरी तुलना ही अशी. लिथियमची बॅटरी शिशाच्या सव्वापट चालते, तिप्पट नाही. वजनाला हलकी आहे, हा तिचा मोठा गुण आहे, पाठ आपली आहे. पण तिप्पट म्हणून पैसे द्यायचे नाहीत.

जूलचा प्रश्न आपल्या पंपाला

आता जूलनं विचारलं ते विचारू. बॅटरीतली एक युनिट वीज पडते केवढ्याला? पुढचे भाव उदाहरणादाखल धरलेत, तुम्ही आपापले घाला.

७० वॅट-तास वापरलेली शिशाची बॅटरी पुन्हा भरायला भिंतीवरच्या प्लगमधून साधारण १२० वॅट-तास लागतात. काही वीज चार्जर खातो, काही बॅटरी. म्हणजे ०.१२ युनिट. आठ रुपये युनिट धरलं तर एक रुपया. विजेचं बिल एवढंच.

पण बॅटरी? समजा ती १,२०० रुपयांची आहे आणि २५० वेळा भरून उतरवली की दमते. एका वेळचे झाले ४ रुपये ८० पैसे. वीज आणि बॅटरी मिळून ५ रुपये ८० पैसे, आणि मिळाली वीज ०.०७ युनिट. एका युनिटला पडले सुमारे ८३ रुपये!

लिथियम समजा ३,००० रुपयांची आणि ८०० वेळा चालली. एका वेळचे पावणेचार रुपये, वीज ८४ पैसे, मिळाले ०.०८५ युनिट. युनिटला ५४ रुपये. पण तीच बॅटरी हलक्या सेलांची निघाली आणि ३०० वेळांतच गेली, तर युनिटला १२७ रुपये. म्हणजे लिथियम स्वस्त की महाग, हे एमएएचवर नाही तर ती किती वेळा भरता येईल यावर ठरतं. आम्ही गटातर्फे विक्रेत्यांना हेच कळवलं. वॅट-तास किती आणि किती वेळा भरण्याची हमी, हे दोन आकडे लेखी द्या, मग भावाचं बोलू.

जूलच्या काळी जस्त झिजायचं, आज बॅटरी झिजते. बॅटरीची वीज महाग असते ती चार्जिंगमुळं नाही, या झिजेमुळं.

मग चार्जिंग पंप परवडत नाही का? परवडतो, आणि चांगला परवडतो. माझ्या पंपाचं नोझल मिनिटाला दोन लिटर फेकतं. २.४ तासांत २८८ लिटर, म्हणजे १६ लिटरच्या १८ टाक्या. ५ रुपये ८० पैसे भागिले १८ बरोबर टाकीला ३२-३३ पैसे. दिवसभर हात हलवायचा त्रास वाचतो त्याचं मोल याहून कितीतरी जास्त. काम थोडं आहे आणि पाठीवर न्यायचं आहे, म्हणून इथं बॅटरी शोभते.

उलट पाच हॉर्सपॉवरची विहिरीवरची मोटर घ्या. ती साडेचार हजार वॅटच्या आसपास ओढते. आपल्या पंपाच्या बॅटरीतले ७० वॅट-तास तिला एक मिनिटही पुरायचे नाहीत. जूलनं भट्टीच्या इंजिनाबद्दल जो निकाल दिला होता तो इथं आजही लागू पडतो.

हॉर्सपॉवरचा विषय निघाला म्हणून सांगतो. मीटर नसलेल्या शेतीपंपाची आकारणी आपल्या राज्यात हॉर्सपॉवरवर होत आलीय. हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, कामाचा नुसता वेग. मोटर किती तास चालली हे त्यात येतच नाही. अँपिअर-तासात व्होल्ट नाही, हॉर्सपॉवरमध्ये तास नाही. दोन्ही अर्धे हिशेब. आणि अर्ध्या हिशेबात नुकसान बहुतेक वेळा घेणाऱ्याचंच होतं.

स्वतः मोजायची रीत

१. टाकीत साधं पाणी भरा. रोज वापरता तेच नोझल लावा. बॅटरी रात्रभर भरलेली असावी.

२. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर लाल वायरभोवती धरा. साधा मल्टिमीटर असेल तर १० अँपिअरच्या खाचेत पिन घालून लाल वायर तोडून मधे जोडा. मीटर अँपिअरवर असताना बॅटरीच्या दोन टोकांना थेट कधीही लावू नका, मीटर जळेल आणि हातही भाजेल.

३. पंप चालू असतानाच व्होल्ट मोजा. बंद बॅटरीचे व्होल्ट फसवे असतात. व्होल्ट मोजण्याआधी मीटरची पिन व्होल्टच्या खाचेत परत घाला.

४. दर अर्ध्या तासाला व्होल्ट आणि अँपिअर वहीत लिहा. दोन्हींचा गुणाकार करून निम्मे करा. ते त्या अर्ध्या तासाचे वॅट-तास. शेवटी सगळी बेरीज करा.

५. शिशाची बॅटरी चालू पंपावर १०.५ व्होल्टच्या खाली उतरवू नका. तिथवर जाण्याआधीच थांबलात तर ती जास्त हंगाम टिकेल.

६. किती लिटर फवारलं तेही मोजा. लिटर दर मिनिट गुणिले दाब बारमध्ये गुणिले १.६७, हे पाण्यात उतरलेले वॅट. माझ्याकडं दोन लिटर आणि तीन बार, म्हणजे १० वॅट. बॅटरीतून जातात २९-३० वॅट. तीनातला एकच भाग पाण्यापर्यंत पोचतो, बाकी मोटर, पंप आणि वायरींत जातो. तुमचं गणित याहून फार खाली आलं तर बॅटरीला दोष देण्याआधी गाळणी, वॉशर आणि क्लिपा बघा.

दोन पावसांच्या मधे चार दिवस उघडीप मिळते. कपाशीवर रस शोषणारी कीड वाढलेली असते, माणसं बोलावलेली असतात, औषध कालवलेलं असतं. अशा वेळी निम्म्या रानात पंप उतरला तर कालवलेलं औषध, मजुरी आणि तो दिवस, तिन्ही जातं. म्हणून हे मोजमाप हंगामाआधी घरी करायचं. एका सकाळचं काम आहे. आपल्या पंपाचे वॅट-तास किती निघाले आणि किती टाक्या बसल्या ते इथं लिहून कळवा. वेगवेगळ्या भागांतले पन्नासएक आकडे गोळा झाले तर पुढच्या वर्षी दुकानात जाताना आपल्या खिशात आपलाच तक्ता असेल.